आधी टाकी, मग इन्व्हर्टर, मग दिवे : मराठवाड्यातल्या घरासाठी होम ऑटोमेशनची उपकरणं निवडणं आणि जोडणं

होम ऑटोमेशनचे बहुतेक सल्ले रंगीत दिव्यांपासून सुरू होतात आणि तिथंच संपतात. परभणी, बीड, जालन्याकडच्या घराला त्यांचा उपयोग थोडा. इथल्या अडचणी वेगळ्या आहेत : दिवसाआड सोडाच, आठवड्याने येणारं नळाचं पाणी, कधीही जाणारी लाईट, खाली-वर होणारं व्होल्टेज आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर गेलेला पारा. त्यामुळे कुठलंही उपकरण हातात घेतलं की दुकानदाराला पहिला प्रश्न असा विचारा : लाईट गेली, नेट गेलं आणि दोन्ही परत आलं, तर हे काय करतं? याचं उत्तर मिळालं नाही तर ते उपकरण मोटारीच्या, गिझरच्या जवळपासही नेऊ नका. पुढची सगळी निवड याच प्रश्नावर बेतलेली आहे.

खरेदीआधी वही

घरातला प्रत्येक लोड, म्हणजे विजेवर चालणारी वस्तू, वहीत लिहा. कुठल्या बोर्डावर आहे, किती वॅटचा आहे आणि इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे की थेट लाईनवर. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि पुढचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

आकडे साधारण असे धरा. जुना छताचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवरचा) पंखा २८ ते ३५ वॅट, मोठा डेझर्ट कूलर २०० वॅटच्या आसपास. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर. एक एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना ७ ते ८ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. नेमका आकडा हवा तर क्लॅम्प मीटर लावून मोजा. मोटारीचा तरी मोजाच, पुढे लागणार आहे.

स्मार्ट स्विचवर छापलेले १६ अँपिअर हे गिझर, इस्त्रीसारख्या तापणाऱ्या लोडसाठी असतात. मोटार, कूलर, कॉम्प्रेसर यांना तो आकडा लागू पडत नाही. मोटारीच्या सुरुवातीच्या झटक्याने आतल्या रिलेचे (विजेने चालू-बंद होणाऱ्या छोट्या खटक्याचे) पॉइंट एकमेकांना चिकटतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि गच्चीवरून पाणी वाहत राहतं. म्हणून हिशेब सरळ ठेवा : दिवे-पंखे साध्या रिले मॉड्यूलवर (स्विचमागे बोर्डात बसणारा छोटा स्मार्ट डबा), गिझर २५ अँपिअरच्या स्विचवर किंवा काँटॅक्टरवर (जास्त करंटसाठीचा दणकट रिले) आणि मोटार कायम काँटॅक्टरवरच. वायरही तपासा. दिव्यांना १.५ चौरस मिमी चालते, पॉवर सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ हवी. जुन्या घरात गिझरला दीडची वायर टाकलेली सापडली तर आधी ती बदला. स्मार्ट स्विच नंतर बघता येईल.

बोर्ड उघडल्यावर

मेन एमसीबी पाडली म्हणजे बोर्ड मेला असं समजू नका. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन पडताच इन्व्हर्टर चालू होतो आणि बोर्डात २३० व्होल्ट तसेच राहतात. आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करा, मग मेन पाडा, मग टेस्टर लावून खात्री करा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक हवं.

१. न्यूट्रल आहे का? बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल लागतो. परदेशी व्हिडिओंत याची मोठी अडचण दाखवतात. आपल्याकडे ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथं न्यूट्रल असतोच. अडतं ते जिन्यातल्या आणि बाथरूमबाहेरच्या एकट्या स्विचपाशी. तिथं न्यूट्रल ओढून घ्या. बिनन्यूट्रलचं मॉड्यूल लावलं तर एलईडी बंद असतानाही मंद जळतो किंवा लुकलुकतो. तो थांबवायला दिव्याजवळ, होल्डरला समांतर, बायपास कपॅसिटर बसवावा लागतो.

२. बोर्डात फेज किती आहेत? दिवा-पंखा इन्व्हर्टरच्या फेजवर आणि सॉकेट थेट लाईनवर, ही आपल्याकडची नेहमीची रचना. चार चॅनेलच्या, म्हणजे चार लोड वेगवेगळे चालवणाऱ्या, मॉड्यूलला मात्र एकच कॉमन फेज असतो. त्याच्यावर दोन्ही प्रकारचे लोड घेतले की एकतर सॉकेटवरची इस्त्री इन्व्हर्टरवर येते, नाहीतर दोन फेज आपसात भिडतात आणि लाईट येताच इन्व्हर्टर जळतो. मॉड्यूलवर फक्त इन्व्हर्टरच्या फेजचे लोड घ्या. सॉकेट साधंच राहू द्या.

३. न्यूट्रल कुणाचा? आरसीसीबीच्या (वीज गळली की लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) एका बाजूचा फेज आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल घेतला की दिवा लावताक्षणी आरसीसीबी पडते. लोक आरसीसीबीला दोष देऊन ती काढून टाकतात. चूक न्यूट्रलची असते.

४. पेटीत जागा आहे का? मॉड्यूल साधारण ४ ते ५ सेंमीचं असतं. जुन्या सनमायका बोर्डात ते आरामात मावतं. नव्या मॉड्युलर पेटीत तारांच्या गुंत्यात कोंबलं तर तापतं. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ऊन घेणाऱ्या बोर्डात चार चॅनेलऐवजी दोन-दोन चॅनेलची मॉड्यूलं वेगवेगळ्या पेट्यांत घाला.

मॉड्यूलची व्होल्टेज मर्यादाही वाचा. खालची ९० आणि वरची किमान २६५ व्होल्ट असावी. २४० पर्यंतच चालणारी स्वस्त मॉड्यूलं रात्री लोड कमी होऊन व्होल्टेज चढलं की जातात. डीबीत (एमसीबींच्या मुख्य पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर आणि व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत उतरवणारा टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा; एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की पहिला बळी राउटर आणि अशाच मॉड्यूलचा जातो. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगवर अवलंबून असतो आणि मुरमाड, खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरवर १० व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, न्यूट्रलचे जोड आवळून घ्या आणि पुन्हा मोजा.

वाय-फाय की झिगबी

आठ-दहा उपकरणांपर्यंत वाय-फाय पुरतं. नेट कंपनीने दिलेला राउटर वीस-तीस उपकरणांनंतर गुदमरायला लागतो. मग झिगबीकडे वळा; स्मार्ट उपकरणांसाठीची ही वेगळी, कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत. झिगबीत विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण सिग्नल पुढे ढकलतं, त्यामुळे जाळं आपोआप पसरतं. इथं एक मेख आहे, जी झिगबीच्या जाहिरातीत कधी दिसत नाही : सिग्नल ढकलणारी ही उपकरणं थेट लाईनवर असतील तर लाईट जाताच जाळं तुटतं आणि मागच्या खोलीतले बॅटरीवरचे सेन्सर मुके होतात. किमान एक-दोन झिगबी प्लग किंवा मॉड्यूल इन्व्हर्टरच्या लाईनवर, घराच्या मध्यावर हवेत.

झेड-वेव्ह (अशीच आणखी एक बिनतारी पद्धत) घ्यायचंच असेल तर भारतासाठीची ८६५.२ मेगाहर्ट्झची आवृत्तीच घ्या. अमेरिकेहून कुणी भेट म्हणून आणलेलं ९०८.४ चं उपकरण इथल्या हबशी (सगळी उपकरणं सांभाळणाऱ्या डब्याशी) बोलणार नाही आणि ती फ्रीक्वेन्सी आपल्याकडे वापरायलाही परवानगी नाही. मॅटरचं (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालावीत यासाठीच्या मानकाचं) चिन्ह असलेली उपकरणं २०२२ नंतर आली. ती घरातल्या घरात, नेटशिवाय चालतात हा त्यांचा फायदा. पण युनिट मोजणं वगैरे खास सोयी मॅटरवरून मिळतातच असं नाही, खोका वाचून घ्या.

माळवदाच्या जुन्या घरात दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतींतून वाय-फायचं ५ गिगाहर्ट्झ जातच नाही आणि २.४ देखील दोन भिंतींनंतर दमतं. तिथं मेश राउटरवर पैसे घालण्याआधी एक लॅनची केबल टाकून मागच्या सोप्यात दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

जोडताना :

राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या. दोन्ही बँडचं नाव एकच असलं की स्मार्ट उपकरणं जोडताना अडकतात. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुनी उपकरणं जोडली जात नाहीत. वाय-फायचं चॅनेल १, ६ किंवा ११ असं कायमचं बांधून टाका. झिगबी त्याच पट्ट्यात चालतं, म्हणून वाय-फाय १ किंवा ६ वर असेल तर झिगबी २५ वर ठेवा. प्रत्येक उपकरणाला राउटरमधून ठरावीक आयपी द्या. आणि राउटर बदलला तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, नाहीतर शिडी लावून प्रत्येक बल्ब पुन्हा जोडत बसावं लागेल.

खरेदीच्या वेळची कसोटी एकच : राउटरची नेटची तार काढली तरी मोबाइलवरून दिवा लागतो का? लागत नसेल तर ते उपकरण परदेशातल्या सर्व्हरला विचारून दिवा लावतं. ड्रॉइंगरूमच्या दिव्याला हे चालून जाईल. मोटारीला नाही.

हब आणि त्याची वीज

चार कंपन्यांची चार ॲप टाळायची तर होम असिस्टंट (सगळी उपकरणं एकाच ठिकाणाहून चालवणारं सॉफ्टवेअर) घरातच चालवा. त्याला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पुरतो. पायला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर द्या, मोबाइलचा चार्जर नको. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा. एकदम लाईट गेली की लिहिणं अर्धवट राहून कार्ड बिघडतं आणि आपल्याकडे असं महिन्यात कितीदा होतं ते सांगायला नको. वापरलेला मिनी पीसी मिळाला तर तो पायपेक्षा बरा. झिगबीचा डोंगल हबला थेट खोचू नका. यूएसबी ३ च्या पोर्टजवळ त्याचा सिग्नल दबतो. मीटरभराची एक्स्टेन्शन वायर लावून लांब टांगा.

राउटर, फायबरचा डबा आणि हब तिन्ही इन्व्हर्टरवर असले तरी लाईट जाताना ते रीस्टार्ट होतात, कारण इन्व्हर्टर बदलायला क्षणभर वेळ घेतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. त्याने बदल झटपट होतो, पण त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर थेट बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर रेंगाळणाऱ्या गावात अशाने बॅटरी रोज रिकामी होईल. तिथं इन्व्हर्टर साध्या मोडवरच ठेवा आणि राउटर-फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. डबा आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचेच आहेत ना, ते ॲडॉप्टरवर वाचून घ्या.

लाईट गेली हे हबला कळायला हवं. थेट लाईनवरचा स्मार्ट प्लग ‘अनुपलब्ध’ झाला यावरून ओळखता येतं, पण झिगबीत ते कळायला कित्येक मिनिटं जातात. त्यापेक्षा २३० व्होल्ट कॉइलचा छोटा रिले थेट लाईनवर बसवा आणि त्याचे कोरडे (वीज न जोडलेले) काँटॅक्ट इन्व्हर्टरवरच्या ईएसपी३२ बोर्डाच्या (वाय-फाय असलेलं, प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट) इनपुटला द्या. लाईट गेल्याचं सेकंदात कळतं, आणि २३० व्होल्टचा ईएसपीशी संबंध येत नाही.

लाईट परत आल्यावर

बहुतेक उपकरणांत ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते : चालू, बंद किंवा आधीची स्थिती. कारखान्यातून ती बरेचदा ‘चालू’ वर येते. दिवे-पंख्यांना आधीची स्थिती, गिझर-मोटार-एसीला बंद. हे केलं नाही तर रात्री तीनला लाईट येते आणि गिझर तापायला लागतो.

स्मार्ट बल्बचं आणखी एक दुखणं आहे. तीन-चार वेळा पटपट चालू-बंद केला की तो रीसेट होऊन पुन्हा जोडणीसाठी लुकलुकायला लागतो. कंपनीने ती सोय म्हणून ठेवलेली आहे. वादळात लाईट चार वेळा ये-जा करते आणि सकाळी घरातले सगळे बल्ब अनोळखी झालेले असतात. म्हणून बल्ब साधे ठेवा आणि हुशारी स्विचमागच्या मॉड्यूलमध्ये घाला. मॉड्यूलला जुना खटका जोडता येतो, त्यामुळे आजींना मोबाइल हातात घ्यावा लागत नाही.

पाणी : जिथं पैसे घालावेत

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या भागात घर बांधणारा माणूस आज हौदाचं माप आधी ठरवतो आणि बैठकीची खोली नंतर. ऑटोमेशनचा क्रमही तोच असावा.

नेहमीची रचना : नळाचं पाणी खालच्या हौदात, हौदातून अर्ध्या किंवा एक एचपीच्या मोटारीने गच्चीवरच्या टाकीत. या मोटारीला फक्त रन कपॅसिटर असेल तर काँटॅक्टर पुरतो : २३० व्होल्ट कॉइल, १८ अँपिअर. बोअरच्या सबमर्सिबलचं पॅनल मात्र वेगळं. त्यात हिरवं बटण दाबून धरलं की स्टार्ट कपॅसिटर दोन-तीन सेकंद लागतो. नुसता काँटॅक्टर लावला तर मोटार घुंघावते, फिरत नाही आणि वाइंडिंग जळतं. बोअरसाठी ऑटो पॅनल घ्या आणि त्याच्या ऑटो इनपुटलाच आपला रिले जोडा.

जोडणीची साखळी अशी ठेवा. फेज एमसीबीतून ऑटो-मॅन्युअल सिलेक्टरला. ऑटो बाजूने तो ईएसपी३२ च्या रिलेतून जाईल, मॅन्युअल बाजूने रिले वगळून. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र येतील आणि तिथून १२ व्होल्टच्या सेफ्टी रिलेच्या काँटॅक्टमधून काँटॅक्टरच्या कॉइलला. या सेफ्टी रिलेच्या कॉइलमध्ये दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीनुसार चालू-बंद होणारे) सिरीजमध्ये : एक टाकीच्या वर, एक हौदाच्या तळाशी. टाकी भरली की वरचा उघडतो, हौद आटला की खालचा. तार तुटली तरी सर्किट उघडतं आणि मोटार थांबते. ईएसपी बिघडला तर घरचे मॅन्युअलवर चालवतील, पण फ्लोट तेव्हाही पहारा देत राहतील. फ्लोटला २३० व्होल्ट देणारे वायरमन भेटतील. पिण्याच्या पाण्यात ती तार सोडू नका. १२ व्होल्टच द्या. काँटॅक्टरच्या कॉइलला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (झटका शोषून घेणारं सर्किट) लावा, नाहीतर प्रत्येक वेळी काँटॅक्टर सुटताना ईएसपी हँग होईल.

टाकी किती भरली हे बघायला वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर चालतो. जेएसएन-एसआर०४टी या सेन्सरला जवळचं २० ते २५ सेंमी अंतर दिसत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून तो तेवढा वर हवा. उन्हात टाकीच्या झाकणाला आतून थेंब जमतात आणि आकडे उड्या मारतात. पाच-सात वाचनांतला मधला आकडा घ्या. मोटार या सेन्सरवर सुरू करा, पण थांबवण्यासाठी फ्लोटवरच विसंबा. टाकी ३० टक्क्यांवर आली की सुरू, ९५ वर फ्लोटने बंद. मध्ये फरक कमी ठेवला तर मोटार दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहील.

कोरडी मोटार ओळखायला पीझेम-००४टी हे मीटर मॉड्यूल लावा. मोटार पाणी ओढताना जितका करंट घेते त्याच्या सुमारे ७० ते ७५ टक्क्यांखाली करंट आठ-दहा सेकंद राहिला तर बंद, मग अर्धा तास कुलूप. सुरुवातीचे पाच सेकंद मोजू नका. हा आकडा तुमच्याच मोटारीवर, वॉल्व्ह बंद करून आणि उघडून, ठरवा. दुसऱ्याचा उसना घेऊ नका. व्होल्टेज १९० च्या खाली असेल तर मोटार सुरूच होऊ नये, आणि लाईट आल्यावर दोन मिनिटं थांबावं.

वेळेची मर्यादाही हवी. १००० लिटरची टाकी मिनिटाला ३० लिटरने भरायला ३३ मिनिटं लागतात. ४५ मिनिटांनंतर काहीही झालं तरी मोटार बंद. हे सगळे नियम हबमध्ये न लिहिता मोटारीजवळच्या ईएसपी३२ मध्येच ईएसपीहोमने (त्या बोर्डाचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) लिहा. हब रीस्टार्ट होत असताना मोटार बेवारस राहता कामा नये.

नळ आल्याचं कळवायला लोक टर्बाइनचा फ्लो सेन्सर बसवतात. आठवड्याने पाणी सुटलं की आधी पाइपातली हवा सुटते आणि टर्बाइन भिरभिरतं. रात्री दोनला मोबाइल वाजतो आणि नळाला नुसती फुसफुस. सलग तीन मिनिटं प्रवाह असेल तरच सूचना द्या आणि सेन्सरआधी वाय-स्ट्रेनर (पाइपात बसणारी गाळणी) लावा, गाळाने पाती अडकतात. याहून स्वस्त उपाय म्हणजे हौदाच्या नळाखाली तळाला बारीक भोक पाडलेली डबी आणि तिच्यात झिगबीचा लीक सेन्सर. पाणी आहे तोवर ओला, गेलं की कोरडा.

बोअरचं पाणी जड असेल तर फ्लोटवर क्षार चढतात आणि तो अडकतो. दोन-तीन महिन्यांनी हाताने हलवून बघा. गच्चीवरचा डबा आयपी६५ चा (धूळ-पाणी न शिरणारा), सावलीत, तारा पाइपात आणि ग्लँड घट्ट. भोक राहिलं की मुंग्या रिलेत घर करतात आणि काँटॅक्ट लागत नाहीत.

कूलर, पंखा, गिझर, एसी

कूलरच्या पंपाला आणि पंख्याला वेगळे चॅनेल द्या. आधी पाच मिनिटं पंप चालवून ताट्या भिजू द्या, मग पंखा. निजताना पंप बंद, पंखा चालू. टाकीत पाणी नसेल तर पंप जळतो, म्हणून तिथंही एक छोटा फ्लोट.

पंख्याचा वेग कपॅसिटर प्रकारच्या मॉड्यूलनेच बदला. डिमर प्रकारच्याने साधा पंखा घुंघावतो आणि बीएलडीसी पंख्याचं सर्किट जातं. बीएलडीसीला रिमोटच असतो, त्याला आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारा डबा) पुरे. विकत घेण्याआधी रिमोट आयआर आहे की आरएफ ते बघा. एसीलाही ब्लास्टरच वापरा, रिलेने वीज तोडून एसी बंद करू नका. गिझरला वीस मिनिटांचा आपोआप बंद होणारा टायमर पुरतो.

सुरू करण्याआधी

सगळं बसल्यावर एका दुपारी घरच्यांना सांगून मेन पाडा. इन्व्हर्टरवर काय चालू राहिलं ते बघा. मग नेटची तार काढा, खटके दाबून बघा. मेन चालू करा आणि दोन मिनिटं कशालाच हात लावू नका : मोटार, गिझर, एसी बंदच राहायला हवेत. मग टाकीतला फ्लोट हाताने उचला, मोटार लगेच थांबली पाहिजे. हौदातला मात्र खाली सोडून बघा, तेव्हाही थांबली पाहिजे. शेवटी मोटार ऑटोवर चालू असताना ईएसपीची वीज काढा, तेव्हाही ती थांबली पाहिजे.

कुठल्या चॅनेलवर कुठला लोड, कुठला फेज इन्व्हर्टरचा, काँटॅक्टरची साखळी कशी आणि मॅन्युअलवर कसं घ्यायचं, हे मराठीत एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून डीबीच्या दाराला आतून चिकटवा. तुम्ही पुण्याला असाल आणि वायरमन घरी आलेला असेल, तर त्याच्या हाताला हाच कागद लागेल.